चुलीवरचं बी

माझं माहेर शिरोळ तालुक्यातलं, कृष्णा आणि पंचगंगा जिथं भेटतात त्या बाजूचं. त्यामुळं पूर म्हणजे काय हे मला कुणी समजावून सांगावं लागलं नाही. पाणी वेशीपर्यंत आलं की आई आधी धान्याची पोती माळ्यावर चढवायची, मग आम्हा पोरांना. लग्न होऊन डिचोलीला आले तेव्हा वाटलं, सुटले एकदाची. चारी बाजूंना डोंगर, इथं पाणी येईल कुठून? पहिल्याच श्रावणात बाजारातल्या आमच्या दुकानात गुडघाभर पाणी शिरलं. मी घाबरून घरी धावत आले, तर सासूबाई पाट्यावर नारळ वाटत बसलेल्या. त्यांनी मान वर न करता विचारलं, "आज तिथी कुठली गं?"

मला राग आला होता. दुकानात पाणी शिरलंय आणि यांना तिथी हवी! पुढं कळलं की तोच खरा प्रश्न होता. कृष्णेचं पाणी वरून येतं आणि आठ-आठ दिवस बसून राहतं. गोव्याच्या नद्यांची तऱ्हा वेगळी. सह्याद्रीतून निघायचं आणि जवळच्याच समुद्राला मिळायचं, एवढा त्यांचा प्रवास. समुद्राची भरती नदीच्या तोंडातून आत आत चढत येते. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं, तेव्हा वरून पाऊस आणि खालून भरती अशी गाठ पडली की पाण्याला जायला जागाच राहत नाही. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, म्हणजे बेताची. तेवढाच पाऊस अष्टमीला पडला तर नदी फुगते आणि ओहोटीबरोबर उतरते. सासूबाईंना पंचांगातलं सगळं कळत होतं असं नाही, पण कुठल्या तिथीला ओट्यावरची पोती उचलायची आणि कुठल्या तिथीला नुसतं बघत बसायचं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

23 जुलै 2021 ला गोव्यात मोठा पूर आला. 1982 नंतरचा सर्वांत वाईट पूर असं मुख्यमंत्र्यांनीच तेव्हा सांगितलं. सत्तरी, डिचोली, पेडणे, सगळीकडं हाहाकार. त्या दिवशी आषाढ शुद्ध चतुर्दशी होती. आपला चातुर्मास बसतो तो दिवस. दुसऱ्या दिवशी गुरुपौर्णिमा. सासूबाई तेव्हा नव्हत्या. असत्या तर त्यांनी आदल्या दिवशीच पोती उचलायला लावली असती.

पण मला पुराबद्दल लिहायचं नाही, भाजीबद्दल लिहायचं आहे. पुराचं वर्णन वर्तमानपत्रं करतात. किती घरं पडली, किती हेक्टर भात गेलं, किती केळी आडव्या झाल्या, सगळं छापून येतं. परसातली वेल गेली याची नोंद कुणी घेत नाही. आणि घरात रोज दुपारी ताटात काय पडणार याचा हिशेब तर त्या वेलीवरच असतो.

मला हा हिशेब शिकवला तो साळच्या काकीनं. साळ हे डिचोली तालुक्याच्या टोकाचं गाव, शापोरा नदीच्या काठावरचं. गड्यांच्या उत्सवासाठी लोकांना ते नाव माहीत असतं. काकी बुधवारच्या बाजाराला यायची आणि बाजारात बसण्याआधी तिची टोपली आमच्या दारात उतरायची. आमच्या घरी कंदमुळं चालत नाहीत हे तिला सासूबाईंच्या वेळेपासून माहीत होतं. त्यामुळं आमच्या दारात ती मुळे आणि कणगी केळीच्या पानाखाली झाकून ठेवायची आणि तांबडी भाजी तेवढी वर मांडायची. तिला कुणी सांगितलं नव्हतं. माणसाचा मान राखण्याची ती तिची रीत होती.

आमचं परसू मी पहिल्यांदा हातात घेतलं तेव्हाची एक गोष्ट सांगते, हसू नका. सासूबाई म्हणाल्या, "बियांना गोबर लाव आणि ठेव." आमच्याकडं गोबर म्हणजे शेण, गोबर गॅस तर गावोगाव झाला होता. मी गोठ्यातून ताजं शेण आणलं आणि अळसांद्यांना, म्हणजे आपल्या मोठ्या चवळीला, छान चोळून उन्हात वाळवलं. संध्याकाळी काकीनं बघितलं आणि ती पोट धरून हसत खाली बसली. इथं गोबर म्हणजे राख. चुलीतली राख चाळून, पूर्ण थंड करून बियांत मिसळायची आणि मडकं तोंड बांधून चुलीवर टांगायचं. राखेनं किडा लागत नाही आणि मारावाही लागत नाही. सासूबाईंना हे दुसरं कारण जास्त आवडायचं. काकीला पहिलं.

चुलीवर का टांगायचं? मला वाटायचं, धुरासाठी. धूर लागला की बी कोरडं राहतं, हे खरंच आहे. मेच्या अखेरीपासून सप्टेंबरपर्यंत इथं भिंतींनाही बुरशी येते. पण काकीच्या घरी गेले तेव्हा दुसरं कारण डोळ्यांनी दिसलं. घरातली सर्वांत उंच जागा ती होती. पाणी उंबऱ्यावरून आत आलं, चूल विझली, तरी बी कोरडं.

आता जरा सबंध वर्षाचं सांगते, म्हणजे काकीचं शहाणपण कशात होतं ते कळेल. गोव्यात जमिनीला तिच्या उंचीवरून नावं आहेत. डोंगर उतारावरची पाणी न धरणारी ती मोरड. मधल्या पायऱ्यांची ती खेर. आणि खाडीकाठची, बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली ती खाजन. पावसाळ्यातल्या भाताला सरद म्हणतात, हिवाळ्यातल्या पिकाला वायंगण. भात खाली असतं तेव्हा भाजी वर असते आणि भात कापून झालं की भाजी खाली येते. एवढंच खरं तर सांगायचं आहे, पण एवढं कळायला मला दहा वर्षं लागली. आमच्याकडं मळ्याची जागा ठरलेली. इथं मळा जागा बदलतो. पाणी चढायच्या आधी भाजी डोंगर चढते आणि पाणी उतरलं की तिच्या मागोमाग उतरते.

रोहिणी संपत आली, पहिला वळीव पडला, की काकी मोरडीवर जायची. तिथं सुका पाला गोळा करून जाळलेला असायचा. आमच्या शिरोळात वेलाला आळं करतात ते खोलगट, पाणी धरायला. इथं मी तसं आळं केलं तर काकीनं ते पायानं बुजवलं आणि मातीचा उंचवटा केला. जुनं शेण, राख, जळकी माती यांचा ढीग आणि त्याच्या माथ्यावर तीन-चार बिया. वरच्या अंगाला एक तिरका चर, डोंगरावरून येणारं पाणी बाजूनं जावं म्हणून. पाणी मुळाशी थांबता कामा नये, इथं तहानेनं कुणी मरत नाही, मरतं ते कुजून. दोडकी, पडवळ, कारली माटवावर चढवायची, तवशीं म्हणजे मोठ्या काकड्या आणि चिबूड जमिनीवर सोडायचे. भेंडे ओळीनं. गोव्याचा हा भेंडा लांब आणि भरदार, सात शिरांचा. त्याला आता भौगोलिक मानांकन मिळालं आहे. पुनर्वसू-पुष्यात खाली नदी धिंगाणा घालत असते तेव्हा वर या सगळ्याला फुलं आलेली असतात.

आणि मग येते चवथ. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला रानातली आणि परसातली फळं, भाज्या, फुलं बांधतात, ती माटोळी. आपल्या घरात ती नसते, पण दरवर्षी मी शेजारच्या घरी ती बघायला जाते. डिचोलीत चतुर्थीआधी माटोळीचा बाजार भरतो, तोही मी चुकवत नाही. कात्रे, माट्टीची लाल फळं, कांगल्या, नारळाची पेंड, सुपारीचं शिंपटं, तवशीं, दोडकी, चिबूड, निबरलेली भेंडी. लोक म्हणतात, सजावट. मला ती एक वही वाटते. यंदा मोरडीवर काय काय तगलं याची वर्षाची नोंद देवासमोर टांगलेली. माटोळीतलं निबर तवशें आणि दोडकं बियांसाठी राखलेलं मी कितीतरी घरांत पाहिलं आहे. सरकारही आता माटोळीच्या स्पर्धा घेतं. त्यात कुणी किती दुर्मीळ वस्तू बांधल्या याला गुण असतात. बी कुणी राखलं याला असते तर मला जास्त आवडलं असतं.

याच दिवसांत आपल्याकडं चातुर्मास असतो आणि पालेभाजी बंद. सासूबाईंचा हा नेम कडक. आजूबाजूच्या घरांत तायकिळा, तेरें, किल्ल, फागलां असं रानातलं एकेक शिजायचं. आमच्याकडं मूग, अळसांदे, वाल, वाळवणाची सांडगी मिरची. लग्नानंतरची पहिली दोन वर्षं मला ते फार कंटाळवाणं वाटलं. मग लक्षात आलं की या चार महिन्यांत आमचं घर पूर्णपणे मागच्या हिवाळ्यावर जगतं. वायंगणात काकीच्या शेतात जे कडधान्य पिकलं त्याच्यावर. ते पीक बुडालं तर चातुर्मासात आमच्या ताटात आमटीसुद्धा नाही. तिच्या शेताशी माझं नातं गिऱ्हाइकाचं नव्हतं, हे मला त्या ताटानं शिकवलं.

पाणी उतरल्यावरचं शेत बघायला मी एकदा मुद्दाम साळला गेले. भात कापून झालं होतं. नदीकाठच्या तुकड्यांवर नवा गाळ बसला होता आणि माझे पाय शिवशिवत होते, कारण आमच्याकडं कृष्णेच्या मळईत पूर ओसरला की लगेच लगबग सुरू होते. कृष्णाकाठची वांगी ज्यांनी खाल्ली आहेत त्यांना मळई म्हणजे काय ते सांगायला नको. मी गाळात पाऊल टाकणार तोच काकी ओरडली, "चार दीस राव!" थांब. ओल्या गाळावर चाललं की तो दबतो आणि विटेसारखा होतो. वरचा थर सुकून त्याला भेगा पडू द्यायच्या. मग तिनं मूठभर गाळ उचलून दाबला. काळसर, मऊ, बोटांना चिकटून सुटणारा असेल तर तिथं तांबडी भाजी, मुळा, वांगी, मिरची. हातातून घसरणारी रेव असेल तर तिथं वेल टाकायचे, कलिंगड किंवा काकडी. आणि भाताच्या खोडक्यांत जिथं नुसती ओल आहे तिथं अळसांदे आणि कुळीथ. त्यांना वरून पाणी लागत नाही, जमिनीतली ओल आणि पहाटेचं दंव पुरतं.

सर्वांत आधी नेहमी तांबडी भाजी. तिचं बी मोहरीहून बारीक, म्हणून ते बारीक रेतीत मिसळून फेकायचं, नाहीतर एका जागी दाट पडतं. महिन्याभरात ती उपटायला येते, घरात पहिला पैसा येतो. पण काकीचं बघणं वेगळं होतं. भाजी कशी उगवते यावरून ती जमीन वाचायची. पानं आखूड, टोकं करपलेली असली तर त्या तुकड्यात मिरचीचा तरवा लावायचा नाही. मिरचीची रोपं सहा-सात आठवडे वाढवायची असतात, ती फुकट घालवायची नाहीत. तांबडी भाजी स्वस्त, ती आधी पुढं पाठवायची.

पेडण्यात खाडीकाठाला हेच काम जिभेनं होतं. काकीची बहीण आगरवाड्याच्या बाजूला दिलेली, तिकडं मिठागरं आहेत, खाजनं आहेत. खाजनाच्या बांधाला दार असतं, त्याला मानस म्हणतात; भरतीला ते पाण्याच्या रेट्यानं मिटतं आणि ओहोटीला उघडून आतलं पाणी बाहेर सोडतं. बांधाला खांड पडली, म्हणजे भगदाड पडलं, की खारं पाणी शेतात. कोरगुट नावाचं भात थोडा खारेपणा सोसतं, भाजी मुळीच सोसत नाही. तिथल्या बायका भाजी घालण्याआधी खड्ड्यातल्या पाण्याचं बोट जिभेला लावतात. पावसानं मीठ धुऊन नेलं असेल तर बरं. नाही तर त्या वर्षी भाजी बांधाच्या माथ्यावरच, टोपलीएवढ्या मातीत. पेडणे तालुक्यातलीच हरमलची मिरची. तिलाही मानांकन मिळालं आहे. बाजारात माळा लटकलेल्या बघून लोक भाव करतात. त्या मिरचीच्या आधी कुणीतरी कितीदा माती पारखलेली असते ते माळेत दिसत नाही.

ही माहिती पुस्तकात कुठं मिळते का ते मी शोधलं. बांध आणि खाजन यांबद्दल भरपूर मिळतं. बांदोड्याला सापडलेल्या अनिर्जितवर्मन या मौर्य राजाच्या ताम्रपटात 'खज्जन' शब्द आहे, साधारण सहाव्या शतकातला. म्हणजे खाडीला बांध घालून शेत करण्याची कला तेव्हाच होती. गावकरीनं बांध राखले. पोर्तुगीजांनी 1526 मध्ये फोरल लिहून तिसवाडीच्या गावकऱ्यांच्या रूढी कागदावर आणल्या. पुढं 1904, 1933 आणि 1961 अशा तीन वेळा कोमुनिदादींच्या संहिता झाल्या. डिचोली आणि पेडणे हे महाल पोर्तुगीजांच्या हाती अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले, नव्या काबिजादी म्हणून. इथं भाटकारांचा जोर जास्त. 1964 चा कूळ कायदा आला, कुळं मालक झाली, बांध राखायला कुळांच्या संघटना आल्या. हे सगळं मी वाचलं. भाताचं माप, बांधाचा खर्च, दंड, हिस्से. गावकरीत हिस्सा पुरुषाचा, जोण त्याला मिळायचा. सारा भातावर, नारळावर. परसातल्या दोडक्यावर कोण सारा घेणार? आणि ज्याच्यावर सारा नाही त्याचा कागद नाही. मला वाटतं काकीच्या विद्येचा इतिहास एवढ्याच कारणानं हरवला आहे. ती लपवलेली नव्हती, तिच्यावर कर नव्हता.

एकदा आमच्या मंडळाच्या बायकांना घेऊन कुडण्याला गेले होते. तिथं गुजीर म्हणतात त्या जागी जांभ्या दगडातल्या जैन बस्तीचे अवशेष आहेत. नार्व्यालाही जैनकोट आहे. आपले लोक इथं एके काळी नांदत होते, बस्ती बांधण्याइतके होते. बायका दर्शन घेऊन, फोटो काढून झाल्यावर मी उगाच खालच्या शेताकडं बघत उभी राहिले. मनात आलं, त्या घरांतल्या बायका पावसाळ्यात काय रांधत असतील? त्यांनाही नदी माहीत असणारच. त्यांच्याही दारात कुणी टोपली उतरवत असेल, मुळे झाकून. याला पुरावा नाही आणि मी तो मागतही नाही.

पण त्या रस्त्यानं जाताना जे दिसतं त्याला पुरावा आहे. डिचोली तालुका हा खाणींचा. 1950 च्या दशकापासून लोहखनिजाची निर्यात वाढत गेली आणि डोंगरांच्या शेजारी मातीचे दुसरे डोंगर उभे राहिले. पावसात ती माती उतरते. काकी म्हणायची, गाळ दोन जातींचा. नदीचा गाळ जेवायला घालतो. खाणीचा गाळ लाल, पिठासारखा, सुकला की पाटा. त्यात भेगा पडतात त्याही कौलाच्या तुकड्यांसारख्या, खाली हवा जात नाही. तांबडी भाजीसुद्धा त्यात येत नाही. 2012 मध्ये खाणी बंद झाल्या, मग काही काळ चालू, 2018 मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं पुन्हा बंद. खाण बंद झाल्यानं कुणाच्या घरी चूल पेटली नाही हेही मी याच गावांत बघितलं, त्यामुळं ठोकून बोलायला मन धजत नाही. एवढं मात्र खरं, की पूर तोच असला तरी त्यानं आणलेली माती बदलली आणि त्या मातीत काकीची विद्या लागू पडेना.

दुसरा बदल धरणाचा. तिळारी हा महाराष्ट्र आणि गोव्याचा मिळून केलेला प्रकल्प, 1990 चा करार. धरण दोडामार्ग तालुक्यात, कालवे पेडणे, डिचोली, बार्देशपर्यंत. कालव्याचं पाणी आलं तिथं उन्हाळ्यातही भाजी होऊ लागली, हे नाकारता येणार नाही. माझ्या घरी येणारी भेंडी त्यातलीच असेल. पण पावसाळ्यात धरण भरलं की पाणी सोडावं लागतं आणि ते खालच्या गावांत येतं. ऑगस्ट 2019 मध्ये तसं झालं. साळ, इब्रामपूर, हणखणे, चांदेल, कासारवर्णे, नदीकाठची सगळी गावं पाण्यात. ते दिवस उधाणाचे नव्हते, श्रावण शुद्ध षष्ठी-सप्तमी. तिथीवरून ओळखावं असं ते पाणी नव्हतंच. सासूबाईंचं गणित त्या वेळी चुकलं असतं.

त्याच आठवड्यात शिरोळही बुडालं होतं. भावाचा फोन लागत नव्हता. बेळगावचा, कोल्हापूरचा रस्ता बंद, त्यामुळं गोव्यात भाजी नाही आणि दूध नाही. आपण रोज खातो ती भाजी घाटावरून येते, हे त्या दिवसांत सगळ्या गोव्याला कळलं. मी घरात बसून मोजत होते. माहेरी पूर, म्हणून सासरी दूध नाही. सासरच्या गावात पूर, म्हणून दारात टोपली नाही. आमच्या परसात मात्र दोन पडवळं होती. चार दिवस शेजाऱ्यांसकट खाल्ली.

असं ज्ञान फक्त इथंच आहे असं नाही. शेजारच्या सत्तरीत म्हादईच्या पात्रात पुरण शेती करत. पावसाळा संपला की पाण्याची धार वळवायची, मागं राहिलेल्या गाळाच्या बेटावर पीक घ्यायचं आणि पुढच्या पावसात ते बेट नदीला परत द्यायचं. बांगलादेशात जलपर्णीचे तराफे करून त्यांच्यावर भाजी लावतात, पाणी वाढलं की वाफाच वर येतो. त्याला अन्न व कृषी संघटनेनं 2015 मध्ये जागतिक महत्त्वाचा कृषी वारसा म्हणून मान्यता दिली. वाचून बरं वाटलं. काकीला सांगितलं तर ती म्हणाली, तरंगती भाजी चोरीला नाही जात?

2019 च्या त्या पुरानंतर काकी बरेच बुधवार आली नाही. दसरा झाला, दिवाळी झाली. मग एका सकाळी दारात उभी, टोपली नाही, हात रिकामे. आत ये म्हटलं तर उंबऱ्यावरच बसली. पाणी घेतलं. आणि खाली बघत विचारलं, "बाय, अळसांद्यांचीं बियां आसात?"

मला आधी कळेना. बी द्यायची ती, घेणारी मी. मग तिनं सांगितलं. मुलानं नवं घर बांधलं होतं, स्लॅबचं, गॅसचा ओटा असलेलं. चूल गेली, त्यामुळं चुलीवर टांगायची जागा गेली. बियांची मडकी ओट्याखाली ठेवली होती. "रातीं उदक आयलें." मोरडीवरचं बी जमिनीत होतं, ते वाचलं, तवशीं आली, दोडकी आली. पण वायंगणाचं बी पावसाळाभर घरात असतं. अळसांदे, वाल, मिरची, तांबडी भाजी, सगळं राखेसकट भिजून चिखल झालं. तिच्या सासूकडून तिला आलेलं ते बी होतं. बहिणीकडं मिरची मिळाली, तांबडी भाजी मिळाली. हा अळसांदा मात्र कुणाकडं नव्हता. दुकानात मिळतो तो लांब आणि फिका. हा आखूड, तांबूस, शिजला की मऊ होणारा पण न फुटणारा. सासूबाईंनी तो तिच्याकडून घेऊन परसात दर वर्षी चार-सहा वेल लावले होते आणि त्यांच्यामागं मी, फारसा विचार न करता, तेच करत होते.

स्टीलच्या डब्यात दीड-दोन शेर असतील. राख चाळून मी तो डबा तिच्या पदरात ओतायला लागले तर तिनं माझा हात धरला. अर्धे घेतले, पदराला गाठ मारली. उरलेले माझ्याकडं सरकवले.

"अर्धीं हांगाच दवर. तुजें घर वयर आसा."

तेव्हापासून शिमग्याच्या सुमारास ती नवे अळसांदे घेऊन येते, आम्ही दोघी ते ताटात निवडतो आणि दोन वाटे करतो. चूल माझ्याही घरी नाही. राख मी देवळाजवळच्या चहावाल्याकडून आणते. बरणी स्वयंपाकघरातल्या स्लॅबच्या हुकाला टांगली आहे, पंख्यासाठी ठेवलेल्या. आलेले पाहुणे वर बघतात आणि हे काय म्हणून विचारतात. मी सांगते, साळचे अळसांदे आहेत, उसळीला नाही मिळायचे.